उकळत्या पाण्यातली पुडी

४ मार्च, मंगळवार

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "रोज किती वेळा संडासला जावं लागतं, त्याची नोंद ठेवा." नोंद म्हटल्यावर मी काय शाळेची वही आणणार? साहेबांना विचारून विभागातलं एक कोरं रजिस्टर घरी आणलं. एकतीस वर्षं मी इस्पितळात निर्जंतुकीकरणाचं काम करतो. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, कपडे, सगळं वाफेच्या यंत्रात, एकशे चौतीस डिग्रीला. प्रत्येक खेपेची नोंद होते: तापमान, दाब, वेळ. शेवटचा रकाना 'वाढ'. चाचणीसाठी मुद्दाम जंतू भरून यंत्रात ठेवलेल्या कुपीत नंतर जंतू वाढले की नाही, ते तिथे लिहायचं. मी आजवर तिथे 'नाही' याखेरीज दुसरा शब्द लिहिलेला नाही, हे माझ्या तोंडून सांगतो म्हणून कुणी मला गर्विष्ठ म्हणो.

तर रुग्ण: माझी बायको. वय पंचावन्न. काम: टपाल वाटणे. जानेवारीत एक गंजका खिळा बुटाच्या तळातून थेट तिच्या टाचेत गेला. आणि ही बाई "काही नाही हो, टोचलंय जरासं" म्हणत महिनाभर लंगडत पत्रं वाटत राहिली! हाडात जंतू शिरले. २२ फेब्रुवारीला टाच उघडून साफ केली. आता सहा आठवडे गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, ७ एप्रिलपर्यंत. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या आणि हाडातले जंतू परत उठले, तर पाऊल काढावं लागेल.

आज गोळ्यांचा नववा दिवस. हाडातल्या जंतूंचं काय झालं देव जाणे, पोटाचा मात्र पार बोऱ्या वाजला आहे. कालपासून सहा वेळा. मी संडास दोनदा जंतुनाशकाने धुतला, नळ, कडी, दाराची मूठ पुसली, तिचा पेला उकळला. ती पलंगावरून बघत होती. म्हणाली, "अहो, या घरात जिवंत राहिलेला शेवटचा जंतू मीच आहे. मलाही एकदा उकळून घ्या."

आजारपणातही हिची जीभ काही आजारी पडत नाही.

६ मार्च, गुरुवार

तपासणीचा निकाल आला. पोटात कुठला भयंकर जंतू नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी वाईटाबरोबर चांगले जंतूही मेले, म्हणून हे जुलाब. "चांगले जंतू परत द्यायचे. पुडी मिळते, जिवंत जंतूंची."

मला वाटलं थट्टा करताहेत. चांगले जंतू! चोरांत चांगले चोर असतात म्हणण्यासारखं झालं हे. पण त्यांनी कागदावर लिहून दिलं. लांबलचक दोन शब्द आणि पुढे काही अक्षरं-आकडे. शेवटचं ते बहुधा त्यांच्या खोलीचा नंबर वगैरे असावं.

औषधवाला म्हणाला, ही पुडी फ्रीजमध्ये असते, संपली आहे, मागवावी लागेल. थांबायला वेळ कुणाला आहे? समोर काचेच्या कपाटात, ऊन येतं तिथे, दुसरी मांडलेली होती. तिच्यावर बारा जातीचे जंतू आणि मोठ्या अक्षरात 'शंभर अब्ज'. डॉक्टरांच्या पुडीत म्हणे एकच जात आणि दहा अब्ज. घ्यायचंच तर भरभक्कम घ्यावं. शंभर अब्जवाली घेतली.

घरी आल्यावर विचार केला. बाजारातली पुडी, कुणाचे हात लागले असतील. चमचा वाफेवर धरला, पाणी खळखळ उकळलं आणि त्या उकळत्या पाण्यात पुडी ढवळून दिली. उकळीला काही होईल का, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, नाही असं नाही. पण मी या धंद्यात मुरलेला माणूस. आमच्या चाचणीच्या कुपीतले जंतू शंभर डिग्रीला हूं की चूं करत नाहीत, त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते. उकळीने मरतील ते ऐरेगैरे, बाहेरून आलेले. कामाचे तगडे तेवढे उरतील.

तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "भिजलेलं पाकीट चाटल्यासारखं लागतंय."

९ मार्च, रविवार

सात वेळा. पुडीचा चौथा दिवस, फरक शून्य. आजपासून पाणी एकदा सोडून दोनदा उकळतो आहे.

दही मागत होती. डॉक्टरांनी सांगितलंय की गोळीच्या आगेमागे दूध-दही नको, गोळी अंगी लागत नाही. मी म्हटलं, आगेमागे कशाला, ७ एप्रिलपर्यंत दही बंदच. नियम हा नियम. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

१३ मार्च, गुरुवार

आज चोरी पकडली.

तिची टपालाची पिशवी दारामागे टांगलेली असते. धूळ पुसावी म्हणून खाली काढली, तर कप्प्यात काहीतरी वाजलं. पाकिटात गुंडाळलेल्या चार गोळ्या. चार! दोन दिवसांच्या. तोंडात धरायची, माझी पाठ वळली की काढायची.

मी घर डोक्यावर घेतलं. पाऊल जाईल, कळतंय का तुला, लाकडाच्या पायाने पत्रं वाटणार आहेस का, नाही नाही ते बोललो. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पाय वाचवून करू काय? संडासापासून दहा पावलं लांब जाता येत नाही मला. माझी सहाशे घरं आहेत. आंधळ्या मास्तरांना त्यांच्या मुलाचं पत्र मी वाचून दाखवते. माझ्या जागी आलेला माणूस दाराच्या फटीतून सरकवून निघून जातो. ते पत्र त्यांनी कुणाला दाखवायचं?"

आणि रडली. तीस वर्षांच्या संसारात मी तिला असं रडताना दोनदा पाहिलं असेल. काय करावं सुचेना, म्हणून तिचा रुमाल गरम पाण्यात घातला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, झालं ते झालं, आजपासून एकही चुकता कामा नये. ती म्हणाली, रविवारपर्यंत बघते, पुढचं वचन देत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पुडी खोटी आहे, दुसरं काय! तडक वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत गेलो, जंतुबाईंकडे. जंतू वाढवून ओळखणं हे त्यांचं काम, म्हणून सगळं इस्पितळ त्यांना याच नावाने ओळखतं. मला त्या वाफोबा म्हणतात. पुडी टेबलावर टाकली आणि म्हटलं, "बाई, यात खडूची भुकटी आहे. सिद्ध करून द्या, मी त्या कंपनीला सोडत नाही."

"घरी कशी देता?"

"दाखवतो की." त्यांचीच किटली लावली, उकळी येऊ दिली, चमचा आधी वाफेवर धरला, पाणी ओतलं, ढवळलं. एक थेंब इकडेतिकडे नाही. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. इतकं नेटकं काम त्यांच्याकडच्या मुलींनाही जमत नसेल, असं मला वाटलं.

मग त्यांनी तीन काचेच्या बशा घेतल्या. एकीत मी केलेलं. दुसरीत तीच पुडी, पण गार पाण्यात. तिसरीत डॉक्टरांनी लिहिलेली पुडी, त्यांचा कागद बघून बाईंनी प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून काढलेली, तीही गार पाण्यात. म्हणाल्या, "सोमवारी या. तोवर घरी पुडी देऊ नका." आणि मी जिना उतरताना वरून ओरडल्या, "आणि वाफोबा, कंपनीला अजून पत्र लिहू नका!"

१७ मार्च, सोमवार

कुठून सुरुवात करू?

पहिली बशी कोरी. आरशासारखी. दुसरीत चार ठिपके. आणि तिसरीत... मी बघतच राहिलो. कडेपासून कडेपर्यंत ठिपकेच ठिपके. पांढरे, गोल, फुगीर. बाई म्हणाल्या, "पाणी लाखपटीने पातळ करून, त्यातला एक थेंब आहे हा. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एका जिवंत जंतूची तीन दिवसांतली प्रजा. एकटा आला होता, आता कोटींत आहे."

"आणि पहिली?"

"पहिली तुमची."

मला एकदम कळलं नाही. कळलं तेव्हा स्टूल ओढून बसलो. म्हटलं, "पण आमच्या कुपीतले तर उकळीला..."

"अहो, ते चिलखत घातलेले! म्हणून तर तुमच्या यंत्राची परीक्षा घ्यायला त्यांना निवडलंय. हे बिचारे उघड्या अंगाचे. यांना गरम चहासुद्धा सोसत नाही."

आठ दिवस. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि मी तिला रोज सकाळी मेलेले जंतू पाजले, दोनदा उकळून. एकतीस वर्षांचा अनुभव सगळा लावून.

बाई दयाळू आहेत, हसल्या नाहीत. त्यांनी एकेक सांगितलं. आकडा मोठा म्हणून पुडी मोठी ठरत नाही. त्या शंभर अब्जवर बारीक अक्षरात 'भरताना' असं लिहिलं होतं. उन्हाच्या कपाटात महिने काढल्यावर किती उरले, ते दुसऱ्या बशीने दाखवलं. मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील, ते सांगते ती पुडी घ्यायची, आणि ठेवा म्हणतील तिथे ठेवायची. बारा जाती असल्या म्हणून बारापट गुण नाही. जी जात माणसांवर तपासली आहे, आणि आपल्याच तक्रारीवर तपासली आहे, ती हवी. गोळी आणि पुडी यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी यांनाही मारते. आणि फार अशक्त, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचंच नाही, तिथे चांगलेही उलटू शकतात.

"आणि डॉक्टरांनी नावापुढे अक्षरं-आकडे लिहिले होते ना? ते त्या जातीतलं नेमकं घराणं. त्याच्यावाचून बाकीच्या नावाला अर्थ नाही."

मी त्याला खोलीचा नंबर समजलो होतो, हे मी बाईंना सांगितलं नाही. इथे लिहितो.

निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज वाफेत न घातलेली एक कुपीही ठेवता ना? ती जंतू वाढून पिवळी होते?" होते. व्हावीच लागते. जंतू मुळात जिवंत होते, हे तिच्यावरूनच ठरतं. एकतीस वर्षं रोज एक पिवळी कुपी माझ्या हातातून गेली आणि ती मी 'ठीक' म्हणून बाजूला ठेवली. तिच्यात कुणीतरी जगतंय, हे एकदाही मनात आलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिला सगळं सांगितलं. खाली मान घालून. मला वाटलं भांडेल. ती अशी हसत सुटली की पोट धरून आत धावावं लागलं. बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाली, "दोनदा उकळून! बिचारे." मग म्हणाली, "तो आकड्यांचा कागद मला दाखवायचा होता ना. गाव लिहिलं, गल्ली लिहिली, घर नंबर लिहिला नाही, तर पत्र कुठे टाकू मी?"

जे समजायला मला बशा लागल्या, ते हिने एका वाक्यात सांगितलं. वर म्हणाली, "देईन तुमच्या उघड्या अंगाच्यांना पंधरा दिवस. तोवर गोळ्याही घेईन. खरंच घेईन."

१८ मार्च, मंगळवार

सकाळी नऊला पुडी, डॉक्टरांनी लिहिलेली. गार पाणी. चमचा नुसता धुतलेला. पेला दोन्ही हातांनी धरून दिला, हसू नये कुणी. म्हटलं, "हळू पी, जिवंत आहेत." तिने डोळे मोठे करून गिळलं आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "या हो, आत या. चपला काढायची गरज नाही."

सहा वेळा.

२२ मार्च, शनिवार

चार वेळा. उगाच आशा लावून घ्यायची नाही, असं ठरवलं आहे. तरी दोनदा रजिस्टर उघडून बघितलं.

२६ मार्च, बुधवार

दोन वेळा! आणि काल रात्रभर झोपली.

डॉक्टरांना विचारलं, हे पुडीनेच ना? म्हणाले, "शपथेवर नाही सांगता येणार. कधी पोट आपोआपही सावरतं. या पुडीने बऱ्याच जणांना फायदा झालेला दिसतो, सगळ्यांना नाही." मला हा माणूस आवडायला लागला आहे.

दुपारी वर गेलो. जंतुबाईंनी भिंगाखाली थेंब दाखवला. एक डोळा मिटला, आणि दिसले. बारीक काड्या. कुणी एकटी, कुणी जोडीने, कुणी ओळ करून. मी इतकी वर्षं ज्यांना मारत आलो, त्यांचं तोंड आज पहिल्यांदा पाहिलं, तोंड म्हणायचं तर. किती वेळ वाकून होतो कोण जाणे, मान आखडली.

बाई म्हणाल्या, माणसाच्या शरीरात जितक्या त्याच्या स्वतःच्या पेशी, साधारण तितकेच हे. अन्न पचवतात, काही जीवनसत्त्वं बनवतात, वाईटांना जागा धरू देत नाहीत.

"पण येतात कुठून?"

"पहिले आईकडून. जन्मताना, मग अंगावर पिताना. मग घरातल्या माणसांकडून. मुके, उष्टं, एकच उशी. एका घरात राहणाऱ्यांचे जंतू सारखे होत जातात. तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"तीस."

"मग तुमच्या पोटात तिच्याकडचे असणार. आणि तिच्या पोटात तुमच्याकडचे."

मी म्हटलं, शक्यच नाही. मी तिचा पेला उकळतो. आमचे चमचे वेगळे, ताटं वेगळी. लेक लहान होती तेव्हा तिला घेण्याआधी मी कोपरापर्यंत हात धुवायचो.

बाई म्हणाल्या, "वाफोबा, तुम्ही कितीही उकळा. ती आली असेल."

जिन्यात मधल्या पायरीवर बसलो. लोक वर-खाली जात होते. तीस वर्षं मी दार लावून बसलो होतो, आणि ही बाई टपाल टाकावं तशी फटीतून आत येत राहिली. माझं अन्न पचवत होती. मला पत्ताच नाही. हे कुणाला सांगू? तिला सांगायचं ठरवून घरी आलो. "आज काय शिकलात?" तिने विचारलं. म्हटलं, "काड्यांसारखे दिसतात."

३० मार्च, रविवार

लेकीचा फोन आला. आईची तब्येत ऐकून खूश झाली. मग दोघी बराच वेळ हसत होत्या, माझ्यावरच असणार. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आठवतं? दात येत होते तिला, तेव्हा चोखलेलं बिस्कीट तुमच्या तोंडाशी धरायची. तुम्ही म्हणायचात, ठेव तिथे. ती ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत धरायची."

मला आठवत नाही. आता आठवल्यासारखं वाटतंय.

एकदाच.

७ एप्रिल, सोमवार

शेवटची गोळी! तिने ती दोन बोटांत धरून मला दाखवली, गिळली, आणि जीभ बाहेर काढून रिकामं तोंडही दाखवलं. रक्त चांगलं, हाडाचा फोटो चांगला. चुकलेल्या चार गोळ्यांनी घात केला नाही. पाऊल आपल्या जागी आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या सोमवारपासून अर्धी फेरी करा, जाड तळाचे बूट घालून.

बाहेर आल्यावर मी बाकावर बसून रडलो. ती म्हणाली, "अहो, लोक बघताहेत. त्यांना वाटेल, पाय गेला."

१४ एप्रिल, सोमवार

नऊला गेली, दीडला आली. घामाघूम, गाल लाल, पिशवी रिकामी. आंधळ्या मास्तरांकडे पाच पत्रं साठली होती. ते ती न फोडता उशाखाली ठेवून तिची वाट बघत होते. पाचही वाचून दाखवली म्हणे, म्हणून उशीर.

मी दही लावून ठेवलं होतं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. ती दारातच, बूटही न काढता, खुर्चीवर बसून वाटीतून खायला लागली. डोळे मिटून खात होती. अर्धी वाटी झाल्यावर सवयीने, अगदी सवयीने, चमचा भरून माझ्याकडे केला. तेव्हा लक्षात आलं, ही कायमच करते असं. आंबा असो, खीर असो, पहिला अर्धा आपण खाऊन चमचा पुढे करते. मी "तू खा" म्हणतो आणि ती तो परत नेते.

आजही परत न्यायला निघाली होती. "राहू दे, उकळावा लागेल तुम्हाला," म्हणाली.

मी तिचं मनगट धरलं आणि चमचा तोंडात घेतला.

आंबट होतं. गार होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने वाटी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली, आणि एकाच चमच्याने आम्ही ती संपवली, पाळीपाळीने. शेवटचा घास तिने मला दिला. मग बूट काढता काढता म्हणाली, "लेकीला फोन करते. तिला खरं वाटणार नाही."

आजची खेप: अर्धी वाटी दही, उष्टं.
तापमान: घरातलं.
दाब: छातीत थोडा.
वेळ: तीस वर्षं.
वाढ: आहे.